मकबरा मधोमधच कशाला?

छत्रपती संभाजीनगरचे जलरंगातले निसर्गचित्र म्हटले, की बीबी का मकबरा बहुधा ठरलेला असतो. तोही अगदी समोरून, कागदाच्या बरोबर मध्ये, दोन्ही अंगांना सारखे मिनार घेऊन. अशा चित्रांतले वॉश, म्हणजे रंगाचे पातळ थर, कित्येकदा सुरेख असतात, तरी त्यांत चित्रकाराची रचना नसते असे माझे स्पष्ट मत आहे. तो समतोल 1660 च्या सुमारास वास्तू उभारणाऱ्यांनी साधला. चित्रकार तो फक्त उतरवून घेतो. शिवाय या कोनातून वास्तूची खरी गोष्ट झाकली जाते. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू हिच्या या कबरीला संगमरवर आहे तो मुख्यतः भिंतींच्या खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. मधल्या दगडी भिंती चुन्याच्या गिलाव्याने पांढऱ्या केलेल्या. दुरून हे सारे एकसारखेच पांढरे दिसते. चौथऱ्याजवळ बसून एखादाच कोपरा धरला, तर संगमरवराची थंड झाक आणि पावसाने डागाळलेला उबदार गिलावा वेगळे दिसू लागतात. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा राखलेला कागद. तो कुठे राखायचा, हे ठरवतानाच चित्र काय सांगणार तेही ठरते. याच शहरातल्या पाणचक्कीचेही तसेच. हौद आणि वड सगळेच रंगवतात. पण दूरच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी आलेले आणि पीठ दळणारी चक्की फिरवणारे पाणी ज्या धारेने भिंतीतून कोसळते, ती धार चित्रात कोपऱ्यात पडते.

यावर कोणी म्हणेल, गोष्ट सांगणे हे लेखकाचे काम. निसर्गचित्राला छायाप्रकाश पुरे. पण इथे गोष्ट म्हणजे प्रसंग नव्हे. पाहणाऱ्याची नजर आधी कुठे जावी, नंतर कुठे वळावी आणि कुठे थांबावी, एवढेच, आणि ते छायाप्रकाशच ठरवतो. रचनेसाठी झाड वगळणे किंवा सरकवणे ही स्थळाशी प्रतारणा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. नोंदीसाठीच्या चित्राला तो लागूही पडतो. चित्रकार गंगाराम तांबट यांनी 1790 च्या दशकात पुण्यातला ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळची लेणी चितारली, तेव्हा लेण्यात नसलेला खांब घालणे चूकच ठरले असते. मात्र कुठे बसायचे आणि चौकटीत किती घ्यायचे, ही निवड नोंद करणाऱ्यालाही चुकत नाही. मराठवाड्याच्या उन्हात वॉश झरझर वाळतो, रचनेचा विचार करायला वेळ कुठला, असेही ऐकू येते. वेळ नाही म्हणूनच तो विचार रंग भिजवण्याआधी, तळहाताएवढ्या कच्च्या रेखाटनात व्हायला हवा. वाळलेला गडद रंग धुऊन कागद पुन्हा पूर्वीसारखा पांढरा होत नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या स्मरणचित्रात आपली मुले बाजार, जत्रा स्वतःच्या मनाने रचतात. प्रत्यक्ष स्थळापुढे बसली, की ती मोकळीक विसरतात. म्हणून शहरातल्या कलाशिक्षकांना विनंती आहे: पुढच्या स्थळचित्रणाला मुलांना मकबऱ्याच्या समोरच्या वाटेवर बसवू नका. मागच्या बाजूला न्या आणि रंगपेटी उघडण्याआधी प्रत्येकाकडून तीन वेगवेगळी कच्ची रेखाटने करून घ्या.