छातीबरोबर पायही तपासा

हृदयरुग्णाच्या फाइलमध्ये ईसीजी असतो, टू-डी इको असतो, अँजिओग्राफीचा अहवाल असतो. पावलाच्या नाडीची नोंद मात्र क्वचितच सापडते. 'रीच' या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या २००६ सालच्या अहवालानुसार, धमनीकाठिण्याचा आजार सिद्ध झालेल्या सुमारे सहा रुग्णांपैकी एकाच्या हृदय, मेंदू आणि पाय यांपैकी एकाहून अधिक ठिकाणच्या रक्तवाहिन्या आजारी होत्या. आणि ही मोजणी फक्त लक्षणे असलेल्यांची.

"चालताना पोटऱ्या भरून येतात का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे, पण तो पुरत नाही. पोटरी दुखण्याआधीच धाप किंवा छातीतली कळ रुग्णाला थांबवते. बायपासनंतर चालणे वाढले, की पायाचे दुखणे उघडे पडते. मधुमेहात संवेदना बोथट झालेल्या पायाची पहिली तक्रार कधी कधी न भरणारी जखमच असते.

म्हणून घोटा-दंड निर्देशांक मोजावा; त्याला हातातला डॉप्लर आणि रक्तदाबाचा पट्टा पुरतो. घोट्याजवळच्या दोन धमन्यांपैकी जास्त असलेल्या दाबाला दोन्ही दंडांपैकी जास्त असलेल्या दाबाने भागायचे. उत्तर ०.९० किंवा कमी आले, तर पायाच्या धमन्यांचा आजार आहे. १.४० च्या वर गेले, तर धमनी कडक झाली आहे. अशा वेळी, विशेषतः मधुमेही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत, पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजावा. दोन्ही दंडांच्या दाबांत मोठा फरक दिसला, तर सबक्लेव्हियन धमनीतील अडथळ्याची शंका घ्यावी. डाव्या मॅमरी धमनीच्या ग्राफ्टचा रक्तपुरवठा तिथूनच येतो.

लक्षणे नसलेल्या सर्वसामान्यांची सरसकट तपासणी करावी, इतका पुरावा नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ मध्ये म्हटले, ते योग्यच आहे. हृदयरुग्णाची गोष्ट वेगळी. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन तो घेतच असतो, मग निदानाने काय बदलणार, असे विचारले जाते. बरेच बदलते. एलडीएलचे उद्दिष्ट अधिक काटेकोरपणे गाठता येते, विडी-तंबाखू सोडवण्याला धार येते, पावलांची निगा आणि देखरेखीखालचा चालण्याचा व्यायाम सुरू होतो. २०१७ च्या 'कंपास' चाचणीत ॲस्पिरिनला अल्पमात्रेतील रिव्हारोक्सॅबानची जोड दिल्यावर हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू एकत्रितपणे घटले. गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. म्हणून ही जोड कोणाला द्यायची, हे निवडून ठरवावे लागते, आणि त्या निवडीसाठी पायाची स्थिती ठाऊक असावी लागते.

आपल्या ओपीडीतील धूम्रपान करणाऱ्या, मधुमेही किंवा पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येक हृदयरुग्णाचे मोजे उतरवा, नाडी चाचपा, निर्देशांक मोजा आणि तो फाइलमध्ये लिहा. वाचवता आला असता असा एकही पाय केवळ न तपासल्यामुळे गमावला जाऊ नये.