गोळी मिळते, माहिती कोण देणार?



सिहोरा रोड स्टेशनवर काम करणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याच्या घरची गोष्ट. नववीतल्या मुलीच्या दप्तरात निळ्या गोळ्यांची पुडी सापडली. ‘शाळेत देतात, पण खाल्ली की मळमळतं, म्हणून ठेवून देते,’ ती म्हणाली. गोळी कशासाठी, हे तिला ठाऊक नव्हते. बापालाही नव्हते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 19 वयाच्या दर 100 मुलींपैकी 59 जणींना रक्तक्षय आढळला. 2015-16 मध्ये हा आकडा 54 होता. शाळेत आठवड्याला एक गोळी, तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड, शिवाय वर्षातून दोनदा जंताचे औषध. योजना चांगली आहे. पण दप्तरात राहिलेल्या गोळीने रक्त वाढत नाही.

माहिती नसली की अफवा पसरते. ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईत गोवंडीच्या पालिका शाळेतील एक मुलगी दगावली. दोष लोहाच्या गोळीवर आला आणि घाबरलेल्या शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात कारण निघाले क्षयरोगाचे!

सांगायचे ते थोडेच आहे. गोळी उपाशीपोटी नको, जेवणानंतर घ्यावी. तिच्यावर लगेच चहा पिऊ नये. चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते लागते. शौचाला काळे झाले तर घाबरू नये. मुलगी सतत दमत असेल, धाप लागत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले की तो रक्तक्षय.

आणि एक गोष्ट शाळेने नव्हे, आपण करायची आहे. बापाचा डबा आधी भरतो, मग भावाचे ताट वाढले जाते. डाळ-भाजी तळाला गेली की मुलगी जेवायला बसते. पाळी सुरू झालेल्या मुलीला लोहाची गरज जास्त, आणि वाटा मात्र सर्वांत कमी!

महागाई भत्त्याचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. शाखांनी पालकसभेत जाऊन विचारावे : गोळी देण्यापूर्वी मुलींना आणि आयांना माहिती देता का? समोर बसवून गोळी खाऊ घालता का? सुटीतल्या गोळ्यांची काय व्यवस्था? रेल्वे आणि टपाल वसाहतींतल्या महिलांची एक बैठक यासाठी घेणे कोणत्याही शाखेला जड नाही.

हक्काची लढाई दारावरच्या सभेत होते, तशी घरच्या ताटातही होते. ती आजपासून सुरू करू या.