प्रेक्षक मैदानावर का येत नाहीत?

वार्षिक क्रीडा दिवस जवळ आला की पालकांकडून एक सूचना येते, आणि यंदा विश्वस्तांपैकीही काहींनी ती केली आहे. स्पर्धा मोबाइलवर थेट दाखवाव्यात, म्हणजे नोकरीवर असलेल्या आईवडिलांना आणि इंदूरबाहेर राहणाऱ्या आजी-आजोबांना घरबसल्या पाहता येतील. खर्च एखाद्या प्रायोजकाने उचलावा आणि मधूनमधून त्याची जाहिरात दाखवावी, असेही सुचवले गेले. यावर मत देण्याआधी आम्ही पालकांचे लक्ष जरा दूर, अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलकडे वळवू इच्छितो. हाच प्रश्न तिथे सत्तर वर्षांहून जास्त काळ गाजतो आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपली मुले खेळतात तो नव्हे. चेंडू अंडाकृती, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. खेळणारे त्या-त्या विद्यापीठाचेच विद्यार्थी, पण थाट असा की मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1 लाख 7 हजारांहून अधिक माणसे बसतात. आपल्याकडे कॉलेजच्या सामन्याला शंभर माणसे जमली तरी पुष्कळ! अशा या खेळाच्या वरच्या श्रेणीत 2018 साली सामन्यामागे सरासरी उपस्थिती 42 हजारांच्या खाली आली. बावीस वर्षांतला तो नीचांक होता. पुढे आकडा थोडा सावरला. पण जाहीर होणारा आकडा बहुधा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांचा असतो. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने 2018 मध्ये दारावर तपासलेल्या तिकिटांचा हिशोब मांडला, तेव्हा 2017 च्या मोसमात जाहीर आकड्याच्या सुमारे 71 टक्केच लोक प्रत्यक्ष आत आल्याचे दिसले. तिकीट घेऊनही माणूस घरी बसला, हे आम्हांला जास्त विचार करण्यासारखे वाटते.

पहिला दोष साहजिकच टीव्हीला दिला जातो. तिथल्या क्रीडा संघटनेलाही हीच धास्ती होती. म्हणून 1951 पासून तिने टीव्हीवर किती सामने दाखवायचे यावर बंधन घातले. जॉर्जिया आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन मोडीत काढले. त्यानंतर सामने टीव्हीवर भरपूर दिसू लागले. तरी मैदाने लगेच ओस पडली नाहीत. उलट पुढची अनेक वर्षे गर्दी चांगलीच होती.

बिघडले ते दुसरीकडे. खेळाची वेळ 60 मिनिटांची, पण सामना चालतो तीन तासांहून जास्त. जाहिरातीसाठी खेळ थांबतो. घरचा माणूस तेवढ्यात चहा करून घेतो. मैदानावरचा माणूस मात्र उन्हात किंवा थंडीत नुसता बसून राहतो. सामना दुपारी की रात्री, हेही बऱ्याचदा वाहिनीच्या सोयीने ठरते, आणि ते कित्येकदा आठवडा-दोन आठवडे आधीच कळते. दूर गावाहून मुलेबाळे घेऊन येणाऱ्याने बेत आखायचा कसा? टीव्हीच्या पैशासाठी विद्यापीठांनी आपले गटही बदलले. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम हे शेजारचे प्रतिस्पर्धी 1894 पासून खेळत आलेले. 2011 नंतर तो सामनाच बंद पडला, तो थेट 2024 मध्ये पुन्हा झाला. अलाबामा विद्यापीठाचा संघ तर देशातला अव्वल, तरी विद्यार्थी अर्ध्या सामन्यातून उठून जात. तेव्हा 2019 मध्ये विद्यापीठाने मोबाइलवर गुण देणे सुरू केले: येण्याचे 100 आणि शेवटच्या चरणापर्यंत थांबण्याचे 250. शिक्षक या नात्याने आम्हांला याचे हसू येते आणि वाईटही वाटते. हजेरीचे गुण लावून बसवलेला मुलगा टाळी कशी वाजवील?

याउलट उदाहरण आपल्याकडचे. रणजी सामन्यांना बाके रिकामी असतात, हे होळकर संघाची चार विजेतेपदे सांगणाऱ्या आपल्या इंदूरलाही ठाऊक आहे. पण जानेवारी 2025 मध्ये विराट कोहली दिल्लीकडून रणजी खेळला, तेव्हा प्रवेश खुला होता आणि पहाटेपासून रांगा लागल्या. तोच सामना मोबाइलवरही दिसत होता. म्हणजे ज्याला आपला मानतो त्याच्यासाठी माणूस घरातून निघतो.

मग क्रीडा दिवसाला तर धावणारे आपलेच लेकरू असते. कॅमेरा पहिल्या आलेल्याच्या मागे जातो, तो त्याचा धर्मच आहे. पोत्यांच्या शर्यतीत पाचवा आलेला दुसरीतला मुलगा चित्रात बहुधा दिसणारच नाही. तो मात्र पोत्यातून बाहेर पडताच भिंतीकडे बघतो, आपले कोणी आले आहे का ते. तिथे आई नसली तर काका चालतात, शेजारच्या काकू चालतात.

म्हणून आमचे मत असे. कॅमेऱ्याला आमची ना नाही. दूरच्या आजी-आजोबांनी जरूर पाहावे. मात्र प्रायोजकाची जाहिरात नको, आणि चित्रणासाठी एकही शर्यत थांबवली किंवा पुन्हा धाववली जाऊ नये. त्याचा खर्च शाळेने उचलावा, अशी आमची विश्वस्त मंडळाला विनंती आहे; आणि तो झेपत नसेल तर थेट दाखवणे सोडावे. स्पर्धा सकाळी साडेसातला सुरू करून अकराच्या आत संपवाव्यात, बक्षिसे शर्यत संपताच तिथेच द्यावीत आणि पाहुण्यांचे भाषण पाच मिनिटांचे असावे. कोणत्या वर्गाची शर्यत किती वाजता, हे पत्रक आठ दिवस आधी घरी जावे, म्हणजे ज्याला अर्ध्या तासाचीच सुटी मिळते त्यालाही येता येईल. खुर्च्या पूर्वेकडच्या भिंतीलगत मांडाव्यात. सकाळी तिथे सावली असते.