धंदा म्हटला की ताण आलाच?

उजनी जलाशयाच्या काठावर लहान धंदा करणाऱ्याचा ताण पाण्याच्या पातळीशी बांधलेला असतो. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी असून तिचा निम्म्याहून अधिक भाग मृतसाठा आहे. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली उतरते, म्हणजे धरण ‘उणे’त जाते. जून 2024 च्या सुरुवातीस ते उणे 60 टक्क्यांच्या आसपास होते आणि ऑगस्टमध्ये भरले. पाणी मागे हटले की करमाळा आणि माढा तालुक्यांतले काठावरचे शेतकरी मोटारी पुढे सरकवतात, केबल आणि पाइप वाढवतात. केत्तूर, वाशिंबे, कंदर, टेंभुर्णीकडच्या पाइपवाल्याला, मोटार रिवाइंडिंगवाल्याला आणि कृषी सेवा केंद्राला तेव्हा गिऱ्हाईक भरपूर असते, पण ते उधारीचे. वसुली ‘ऊसबिल आल्यावर’. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) मिळायला हवी; ती थकते हे काठावर कोणाला नवे नाही. वितरकाचे पैसे मात्र ठरल्या तारखेला द्यावे लागतात. कारखाना शेतकऱ्याचे थकवतो, शेतकरी दुकानदाराचे, आणि दुकानदाराला थकवायला पुढे कोणीच उरत नाही.

या स्थितीवर काठावरचे ठरलेले उत्तर असे: धंदा म्हटला की ताण आलाच, मन घट्ट करावे. त्याला इतिहासाचा दाखलाही जोडला जातो. धरणात वाडवडिलांची गावेच्या गावे गेली, लोक नव्या गावठाणात उभे राहिले, तेव्हा कोणी मनाच्या डॉक्टरकडे गेले नाही. मग उधारीचे एवढे काय घेऊन बसायचे?

दाखला वजनदार आहे, पण तो उलट बाजूचा. विस्थापन सगळ्या गावावर एकदम आले. घर सर्वांचेच गेले, त्यामुळे ते गेल्याची लाज कोणाला नव्हती, आणि रडायला शेजारी होता. दुकान मात्र एकट्याचे बुडते, तेही चालती दुकाने आजूबाजूला असताना. शिवाय गिऱ्हाईक म्हणजे भावकी, सोयरे, वर्गमित्र. पैसे मागावे तर नाते दुखावते, न मागावे तर माल भरता येत नाही. तेव्हा डॉक्टर नव्हते यावरून तेव्हा दुखणे नव्हते, असेही ठरत नाही.

ताण हे शहरी, नोकरदार माणसाचे खूळ आहे, हा दुसरा आक्षेप. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत 2020 मध्ये देशात 11,716 व्यावसायिकांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. शेती क्षेत्रातील संख्या 10,677 होती. या व्यावसायिकांत 4,226 जण फेरीवाले-विक्रेते आणि 4,356 जण व्यापारी होते. हे आकडे प्रमाण सांगत नाहीत, आणि शेतकऱ्याचे दुःख त्यांनी हलके होत नाही. पण दुकानदाराचा प्रश्न श्रीमंतांचे चोचले नाही, एवढे त्यांतून सिद्ध होते. शेतकऱ्याच्या संकटाची निदान चर्चा तरी होते; त्याला पाइप उधार देणाऱ्याचे नाव त्या चर्चेत येत नाही.

हल्ली उलट टोकाचा उपदेशही जोरात आहे: पहाटे उठा, ध्यान करा, सकारात्मक राहा. पहाटे उठायला हरकत नाही. मात्र हा उपदेश देण्याघेण्याचा सगळा गुंता दुकानदाराच्या स्वभावावर ढकलतो आणि माणूस अडचणीत सापडला की ‘तूच कमी पडलास’ असे सुचवतो. ‘मन घट्ट करा’ म्हणणारेही वेगळे काही सांगत नाहीत. फक्त त्यांच्याकडे व्यासपीठ नसते.

मनाची काळजी वहीपासून सुरू होते. घरखर्च आणि गल्ला एकाच खिशात असला की धंद्यातली प्रत्येक तूट घरावर आल्यासारखी वाटते. म्हणून दोन्ही हिशेब वेगळे ठेवावेत. उधारीची मर्यादा आधीच लिहून दुकानात लावावी, म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचे काम पाटी करते आणि नाते थोडे वाचते. खरा आकडा घरात दुसऱ्या कोणाला तरी, शक्यतो पत्नीला किंवा पतीला, माहीत असावा. कर्ज लपवणाऱ्याला कर्जाच्या जोडीने ते लपवण्याचाही भार वाहावा लागतो. बिनपरवाना सावकाराचा तगादा असेल तर तो निव्वळ नशिबाचा भाग नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे तक्रार करता येते.

तरीही वहीने सारे सुटत नाही, कारण चिंता आणि आजार वेगळे. पाणी उणेत असताना झोप न लागणे ही चिंता झाली. धरण भरले, वसुलीही सुरू झाली, तरी दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहते, झोप-भूक उडते, कशातच रस वाटत नाही, दारू वाढते. तिथे डॉक्टर लागतो. मरणाचा विचार येत असेल तर दोन आठवडेही थांबू नये. डॉक्टरसाठी सोलापूर गाठायचे तर ते टेंभुर्णीहून 80-90 किलोमीटर आहे, आणि गावात बभ्रा होईल ही भीती त्याहून लांब पल्ल्याची. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ सेवा त्यासाठी सोयीची: 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. शटर ओढल्यावर रात्री फोन केला तरी चालतो.

‘दुकान कोण पाहील?’ हा शेवटचा आक्षेप खरा आहे. एकट्याच्या धंद्यात रजा नसते. पण तपासणीला एक दिवस जातो, आणि पुढची विचारपूस पुष्कळदा फोनवर होते. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे हंगामाच्या गर्दीत त्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारूनच बंद कराव्यात. आरोग्य विमा असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यावे लागते. पॉलिसी घेताना एजंटाला ते कलम दाखवायला सांगावे.