दारं नसलेलं गाव आणि साठ रुपयांची पाण्याची बाटली

आधीच सांगून टाकतो, मी अर्थतज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. इंजिनियरिंग केलं, सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांनी घातलेले घोळ निस्तरतो आणि शनिवार-रविवार मिळाला की इथे काहीतरी खरडतो. तेव्हा खालचं सगळं एका बिल भरणाऱ्या माणसाचं मत म्हणूनच वाचा. पटलं तर ठीक, नाही तर सोडून द्या :)

झालं असं की गेल्या दोन महिन्यांत दोन सहली झाल्या. पहिली मामाच्या घरच्यांबरोबर एका वॉटर पार्कात. (कुठलं ते सांगत नाही, नावाने काही फरक पडत नाही, चार ठिकाणी फिरलेल्या कुणालाही विचारा.) दुसरी आई-बाबांना घेऊन शनिशिंगणापूर आणि शिरडी. दोन्हीकडे माणसं तेवढीच, सहा. पार्कात दुपारचं खाणं झालं दोन हजार एकशे चाळीस रुपये, त्यात पोट कुणाचंच भरलं नाही. शिंगणापूरच्या रस्त्यावर राइस प्लेट, वर ताक, वर बाबांचा 'अजून एक चहा' असं सगळं धरून साडेसातशेच्या आत आटपलं.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, धाब्याची आणि पार्काची तुलना कशी करतोस? तिथे स्लाइड्स आहेत, लाटांचा तलाव आहे, जीवरक्षक आहेत, विजेचं बिल आहे. बरोबर. पण त्या सगळ्याचे पैसे मी गेटवर तिकिटात दिले होते की! त्यावर १८ टक्के जीएसटीही भरला. (जीएसटी आला तेव्हा २०१७ साली हा दर २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आणला.) पावभाजीची प्लेट काही लाटांच्या तलावातून पोहत येत नाही. मग तिची किंमत बाहेरच्या तिप्पट का?

महागाई हे उत्तर मला पटत नाही. महागाई बाहेरच्या धाब्यालाही आहेच. शिंगणापूरला वळायचा फाटा आहे घोडेगावला, तिथे कांद्याचं मोठं मार्केट भरतं. घोडेगावात कांदा पडला म्हणून पार्कातल्या कांदाभजीची प्लेट पाच रुपयांनी उतरली, असं कधी ऐकलंय? सप्टेंबर २०२५ मध्ये बाटलीबंद पाण्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. रेल्वेने 'रेल नीर'ची लिटरची बाटली १५ वरून १४ रुपयांवर आणली. एकच रुपया, पण आणली. आमच्या पार्कातली बाटली मात्र साठची साठच. म्हणजे आतल्या भावाचा कच्च्या मालाशी फारसा संबंध नसतो. संबंध असतो तो एकाच गोष्टीशी: तुम्हाला बाहेर जाता येतं का.

आणि इथेच मला शिंगणापूर आठवत राहतं. या गावाची ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे, घरांना चौकटी आहेत पण दारं लावायची प्रथा नाही. युको बँकेने २०११ साली इथे शाखा काढली तेव्हा 'बिनकुलपाची बँक' म्हणून केवढ्या बातम्या झाल्या होत्या. खुद्द शनिदेवाची शिळासुद्धा उघड्या चौथऱ्यावर, वर छप्पर नाही. आणि थीम पार्क म्हणजे याच्या बरोब्बर उलट. सगळीकडून भिंत, आणि दार एकच. त्या एका दारावर तुमची पिशवी तपासली जाते. का? शस्त्रं, दारू वगैरे ठीक आहे, पण खरी शोधाशोध चाललेली असते ती डब्याची.

आमच्या मामीचा डबा असाच सापडला. पहाटे चारला उठून तिने दशम्या केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, वर बटाट्याची सुकी भाजी. पोरांना सवय तीच. गेटवरचा मुलगा बिचारा नम्रपणे म्हणाला, "काकू, आत नाही नेता येणार. लॉकरला ठेवा." लॉकरचं भाडं वेगळं, हे सांगायला नकोच. मामी क्षणभर डब्याकडे बघत राहिली, मग त्यालाच म्हणाली, "दादा, मग तूच खा रे. संध्याकाळपर्यंत आंबतील." तो हसला, घेतला नाही. त्यालाही तिथे कॅमेरा बघत होताच. डबा लॉकरमध्ये गेला. दुपारी तीनशे रुपयांच्या नूडल्स पुढ्यात घेऊन मामीने चार घास चिवडले आणि "मला भूक नाही" म्हणाली. तिला भूक होती. तीनशे रुपये पाहून ती गेली.

आपल्यासारख्या लोकांना हे फारसं बोचत नाही, आणि मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. हिंजवडी-खराडीतलं पब्लिक 'वीकेंड आहे यार' म्हणून कार्ड पुढे करतं. दोन हजार काय, चार हजार. त्यावरून पार्कवाल्यांचा हिशेब पक्का होतो की एवढे दर चालतात. मग त्याच रांगेत नेवाशाहून एसटीने आलेलं कुटुंब उभं असतं, पोरांच्या हट्टापायी वर्षातून एकदा आलेलं. त्यांनी तिकिटाचे पैसे महिनाभर जमवलेले असतात. आतल्या जेवणाचे जमवलेले नसतात, कारण ते किती लागतील हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आमच्या धंद्यात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. प्रिंटर स्वस्तात देऊन शाईत वसूल करायचं. तिकिटाचे दर लोक चार साइट्सवर ताडून बघतात, म्हणून तिथे सवलती, 'एकावर एक' वगैरे. खाण्याचे दर आत गेल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून भरपाई तिथे. यात पार्कवाल्यांची बाजूही आहे, नाही असं नाही. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत गिऱ्हाईक आटतं, पण झोपाळे-पाळण्यांची देखभाल काही थांबत नाही. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं, आपल्या आधीची अख्खी पिढी तिथे जाऊन आली, आणि तेसुद्धा शेवटी बंद पडलं. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली मोठ्या थाटात उघडलं, कर्जाखाली दबलं आणि २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते घेतलं. (शिरडीतलं वॉटर पार्क आणि 'साई तीर्थ' हे भक्तीवरचं थीम पार्क उभं केलं तेही याच समूहाने. म्हणजे या धंद्याची एक मोठी नाडी आपल्या नगर जिल्ह्यात आहे! नगर म्हणजे आता अहिल्यानगर, पण जिभेला वळण पडायला वेळ लागेल.) धंदा सोपा नाही, मान्य. मग तिकीट शंभर रुपयांनी वाढवा ना. उघडपणे वाढवा. परवडलं तर येऊ, नाही तर घरी कॅरम खेळू.

कायदा काय म्हणतो? थोडं शोधलं, तर चित्र ग्राहकाच्या बाजूचं फारसं नाही. एकाच वस्तूवर मॉलसाठी एक आणि किराणा दुकानासाठी दुसरी अशा दोन एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. पण डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटं पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त आकारू शकतात, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायची सोय आणि सेवाही त्यात आली. मल्टिप्लेक्सचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २०१८ साली आपल्याकडे पॉपकॉर्नच्या भावावरून आंदोलनं झाली, विधान परिषदेत मंत्र्यांनी बाहेरचे पदार्थ नेता येतील असं सांगितलं, नंतर सरकारनेच हायकोर्टात वेगळा सूर लावला. शेवटी ३ जानेवारी २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: चित्रपटगृह ही खाजगी जागा आहे, मालक बाहेरच्या खाण्याला मनाई करू शकतो. पाणी मात्र फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं नाही. कुणी जिलबी खाऊन बोटं खुर्चीला पुसली तर काय, असंही तेव्हा सरन्यायाधीशांनी विचारलं होतं.

सिनेमापुरतं मला ते पटतंही. अडीच-तीन तास माणूस न खाता बसू शकतो. पण वॉटर पार्क म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मधे जेवणाची वेळ येतेच, आणि पाण्यात डुंबून आलेल्या सात वर्षांच्या पोराला 'घरी गेल्यावर जेवू' सांगून बघा! तिथे भूक हा ऐच्छिक प्रकार राहत नाही. आणि खुर्चीला बोटं पुसायचा प्रश्न उघड्या मैदानातल्या बाकड्यावर येतो कुठे? गंमत म्हणजे ज्यांच्याकडे बघून जगभरची पार्कं धंदा शिकली त्या अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत घरचं खाणं आत नेऊ देतात. काचेची भांडी नकोत, दारू नको, बाकी तुमचं सँडविच तुम्ही खा. आतले दर तिथेही भरमसाट आहेत, पण निदान पळवाट आहे. ती असली की भाव आपोआप थोडा शुद्धीवर राहतो.

हे समजायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. घोडेगावहून शिंगणापूरला वळलात की दुतर्फा रसवंत्या लागतात. लाकडी चरक, त्याला जुंपलेला बैल, झाडाखाली बाज, पोरांना झोके. शहरातली पोरं त्या बैलामागे अर्धा तास फिरतात. मला विचाराल तर हेच खरं थीम पार्क. आत यायला पैसे नाहीत, झोक्याला नाहीत, फोटोला नाहीत. वीस रुपयांचा ग्लास घेतलात तर ठीक, नाही घेतलात तर पुढे निघा. आणि भाव का वाढत नाही? कारण शंभर पावलांवर पुढची रसवंती आहे, तिथेही बैल आहे आणि झोकाही आहे. गिऱ्हाईकाला उठून जाता येतं, एवढंच त्यामागचं अर्थशास्त्र.

अर्थात शिंगणापुरात सगळं गोडच आहे असं लिहिलं तर तिथे जाऊन आलेले लोक मला हसतील. जेवण स्वस्त आहे, पण पूजेचं ताट? गावाच्या अलीकडेच 'लटकू' गाडीला आडवे येतात. पार्किंग इकडे, दर्शन तिकडे असं करत तुम्हाला एका ठराविक दुकानात नेऊन सोडतात. तेल, काळं कापड, नाल, रुईच्या पानांची माळ... ताटाचा आकडा माणूस बघून ठरतो. इथे भिंत नाही, दार नाही, तरी माणूस अडकतो. का? साडेसातीची भीती. देवाच्या दारात घासाघीस नको, उगाच कोप नको. माझे बाबा भाजीवालीशी दोन रुपयांसाठी दहा मिनिटं घालतात, ते तिथे गुपचूप पाकीट काढत होते. तेलाच्या बाबतीत देवस्थानाने मार्च २०२५ पासून फक्त ब्रँडेड खाद्यतेलच वाहायचं असा नियम केला, शिळेची झीज होऊ नये म्हणून. बाटलीवर एमआरपी असते, हा आपल्याला झालेला वरचा फायदा. ऑनलाइन पूजेच्या बनावट अ‍ॅप्सचं प्रकरण २०२५ साली विधानसभेपर्यंत गेलं, ते तुम्ही वाचलं असेलच. त्यावर एकदा वेगळं लिहीन, विषय आमच्या धंद्यातला आहे. असो.

मुद्दा असा की भिंत विटांची असो, हट्टाची असो की भीतीची, ती आली की भाव चढतो. आणि ती आड येऊ न देणं जमतं, हेही याच पट्ट्यात दिसतं. शिरडीचं प्रसादालय बघा. साई संस्थानने तिथे २००९ साली ७३ सौर तबकड्या बसवल्या, त्यांच्या वाफेवर स्वयंपाक. भक्तांना जेवण मोफत. अडकलेल्या गर्दीचा इतका मोठा बाजार शेजारी असताना हजारो माणसं रोज फुकट जेवतात. २०२५ च्या सुरुवातीला या मोफत जेवणावरूनही वाद झाला, पैसे घ्या म्हणणारे निघाले. फेब्रुवारीपासून कूपन सुरू झालं, पण जेवण मोफतच राहिलं. मला ते आवडलं. आम्ही जेवलो त्या पंगतीत माझ्या एका बाजूला सुरतेचे व्यापारी होते आणि दुसऱ्या बाजूला ऊसतोडीवरून आलेलं जोडपं. वाढणाऱ्याने तिघांना सारखीच डाळ वाढली.

'ते देवस्थान, दानावर चालतं' हे मान्यच. मग शेगावचं आनंदसागर घ्या. तेही गजानन महाराज संस्थानचंच, पण होतं चक्क पार्क: तलाव, बागा, छोटी आगगाडी. शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा खिशात पन्नास रुपये होते. गाडीत बसलो, दोनदा खाल्लं, तरी परत येताना पैसे उरले. मधली काही वर्षं ते बंद होतं, २०२३ मध्ये थोडा भाग परत उघडला. खाजगी पार्काने एवढं स्वस्त व्हावं असं मी म्हणत नाही. त्यांना भागधारक आहेत, बँका आहेत.

मला हव्यात तीनच गोष्टी. पाण्याचा नळ, थंड आणि स्वच्छ, आत शिरल्याबरोबर दिसेल असा, शौचालयामागे लपवलेला नको. घरच्या डब्यासाठी चार बाकडी आणि एक पत्र्याची शेड. मोठ्या बॅगा, बाटल्या, दारू काय अडवायचं ते खुशाल अडवा, दशम्या सोडा. आणि तिसरं म्हणजे तिकीट बुक करताना त्याच पानावर आतलं अख्खं मेनूकार्ड दरांसकट टाका, म्हणजे नेवाशाचा माणूस घरूनच हिशेब करून निघेल. हे काम अवघड आहे असं कुणी सांगितलं तर माझ्याकडे पाठवा, आमच्या टीममधला नवा पोरगा दोन दिवसांत करून देईल.