जामीनदार कोण?

धनजला आमच्या मोठ्या बाबांच्या ओसरीत दिल्लीपेक्षा जास्त सरकारं पडतात. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले बंधू, जन्मभर धनुष्यबाणवाले. उमेदवार कोण, ही चौकशी त्यांना चिल्लर वाटते. "आपल्याले माणसाशी काय करा लागते बापा? आपण निशाणी पाह्यतो!"

मी पडलो बँकेतला कारकून, त्यात बी. कॉम. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. पीककर्जाला आलेल्या शेतकऱ्याकडे आम्ही सातबारा मागतो, आठ-अ मागतो, इतर बँकांचे नो ड्यूज मागतो आणि एवढं झाल्यावर सही जुळत नाही म्हणून त्याला परत पाठवतो. मात्र अख्खा मतदारसंघ ज्याच्या हवाली पाच वर्षं करायचा, त्याचं नुसतं चिन्ह बघायचं! चिन्हं आली १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत, बहुतेकांना वाचता येत नव्हतं म्हणून. आता आम्ही शिकलो, पदव्या भिंतीवर टांगल्या, आणि वाचतो मात्र चिन्हच!

"अरे, पक्ष म्हणजे जामीनदार," मोठे बाबा म्हणत. "माणूस चुकला तं पक्ष कान धरते त्याचा."

युक्तिवाद बिनतोड होता. पण जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. पुढच्या वर्षी घड्याळाच्या घरीही तीच वाटणी. आणि २६ एप्रिल २०२४ ला आमच्या यवतमाळ-वाशिममध्ये एकीकडे धनुष्यबाण, दुसरीकडे मशाल! दोन्हीकडे भगवा, दोन्हीकडे बाळासाहेब. मोठे बाबा जेवले नाहीत असं नाही, पण भाकरी एक कमी खाल्ली. कोण खरा, या वादात मी पडत नाही. माझा कारकुनी प्रश्न एवढाच, की जामीनदाराच्याच घरात वाटण्या झाल्यावर वसुली कुणाकडून करायची?

आमचे प्राध्यापक मेव्हणे यावर हसतात. म्हणतात, "माणूस चांगला असून उपयोग काय? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं पक्षादेश मोडला की आमदारकी जाते." बरोबर आहे. त्या कायद्याचा न्याय बँकांसारखाच आहे. एकट्याने मोडला तर नोटीस, दोनतृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर तडजोड! पण मेव्हणेसाहेब, पक्षादेश लागतो तो सभागृहातल्या मतदानाला. 'पुलाच्या कामात टक्केवारी घे' असा पक्षादेश माझ्या तरी पाहण्यात नाही. तेवढं काम माणूस स्वतःच्या हुशारीवर करतो. म्हणूनच आधी माणूस तपासायचा. पक्षाचं धोरण जरूर बघा, पण त्याखाली सही कुणाची आहे, तेही बघा.

आणि तपासणं अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निकाल दिला, तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं लिहून द्यावं लागतं. आयोगाने त्यासाठी ॲपही काढलंय, 'नो युवर कँडिडेट'. म्हणजे केवायसी! हे वाचून मला नातेवाईक भेटल्यासारखं झालं.

मतदानाच्या आदल्या रात्री मी ओसरीत मोबाइलवरून शपथपत्रं वाचून दाखवली. चिन्ह सांगितलं नाही, नावही नाही. मोठे बाबा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले.

"इतकं सारं लेहून देतेत थे?" ते एकदम म्हणाले.

"हो, मोठे बाबा. कुणी वाचत नाही, एवढंच."

बराच वेळ गेला. मग ते हळूच म्हणाले, "मांगं एकाच्या कर्जाले मी जामीन राह्यलो होतो, आठवते? त्याचे हप्ते फेडता फेडता माहं दोन वर्षाचं सोयाबीन गेलं."

आठवत होतं. ते कागद मीच त्यांच्यापुढे सरकवले होते.

"थो आपल्या पक्षाचा होता बापा," मोठे बाबा म्हणाले. "निशाणी पाह्यूनच सही केली होती मी."