वारा सरला का?

मराठी घरात कुणाचंही पोटाचं ऑपरेशन झालं की भेटायला आलेली मावशी, मामी किंवा शेजारीण हमखास एक प्रश्न विचारते. ‘वारा सरला का?’ सिझेरियन असो, अपेंडिक्स असो, पित्ताशयाचे खडे असोत. विचारणारी लाजत नाही, सांगणाराही लाजत नाही. भूल आणि कापाकापीनंतर आतडी काही काळ झोपतात. ती जागी झाली का, हे कळायचा याहून स्वस्त मार्ग नाही आणि तो आपल्या बायकांना पुस्तक न वाचता माहीत आहे.

मग एकाच ऑपरेशननंतर हा प्रश्न कुणी का विचारत नाही?

मी जेंडर अफर्मिंग सर्जरीबद्दल बोलतोय. वर्तमानपत्रं अजून ‘लिंगबदल’ म्हणतात. त्यावर वाचायला भरपूर मिळतं: आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आईवडिलांनी स्वीकारलं का, लग्न कधी. पाचव्या दिवशी पोट फुगलं तर काय करायचं, हे मात्र कुठेच सापडत नाही. डिस्चार्ज कार्डावरसुद्धा नाही.

पोट फुगायची बहुतेक कारणं साधी असतात. तीव्र वेदनाशामकांनी आतडी सुस्तावतात, त्यात पडून राहायचं, कमी खायचं, कुंथायचं नाही अशी तंबी. बद्धकोष्ठ होणारच. ट्रान्स पुरुषाचं गर्भाशय दुर्बिणीने काढताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा मागे राहतो, पोट तट्ट वाटतं आणि गंमत म्हणजे खांदा दुखतो. ही सूज सहसा दोनतीन दिवसांत उतरत जाते. उतरायच्या ऐवजी ती चढत गेली, ताप आला, उलट्या लागल्या, वारा सरायचा थांबला, पोट फळीसारखं कडक झालं, तर तो गॅस म्हणून सोडून द्यायचा विषय राहत नाही. आत रक्त साचलेलं असू शकतं, आतड्याला इजा झालेली असू शकते. ट्रान्स स्त्रियांमध्ये आतड्याचा तुकडा वापरून योनी बनवायची एक पद्धत आहे. तिथे आतडं कापून पुन्हा जोडलेलं असतं. तो जोड गळला तर दिवस नाही, तास मोजावे लागतात.

आणि लघवी. इथे जरा थांबतो.

योनी बनवताना मूत्रमार्ग आखूड करून त्याचं तोंड नव्या जागी बसवतात. कॅथेटर काही दिवस, बऱ्याचदा आठवडाभर ठेवतात. तो काढल्यावर सुजेमुळे काही जणींना लघवी होतच नाही. मूत्राशय भरत जातं, बेंबीखालचा भाग घागरीसारखा वर येतो. यातली फसवी गोष्ट अशी की लघवी थेंब थेंब गळत राहते, आणि पेशंटला वाटतं, होतेय की! प्रत्यक्षात ती भरलेली टाकी वाहत असते. चारपाचशे मिलीलिटरला आपण बाथरूम शोधायला लागतो. लिटरच्या पुढे ताणलेलं मूत्राशय तसंच ठेवलं तर त्याचे स्नायू दुबळे होतात, दाब मागे किडनीपर्यंत जातो. उपाय काय, तर पुन्हा कॅथेटर. काही शे रुपयांची रबरी नळी. फोलीचा कॅथेटर १९३०च्या दशकापासून वापरात आहे.

माझ्या मैत्रिणीला ती नळी मिळायला साडेचार तास लागले.

ऑपरेशन मोठ्या शहरात, पॅकेजमध्ये. सातव्या दिवशी नळी काढली आणि डिस्चार्ज दिला. आम्ही तिच्या जिल्ह्याच्या गावी पोचलो, रात्री पोट फुगायला लागलं. पॅकेज विकताना दिवसाला सहा मेसेज करणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडमचं उत्तर आलं, ‘गॅस असेल, कोमट पाणी प्या, सर कॉन्फरन्सला आहेत.’ पहिल्या दवाखान्यात केसपेपरवर स्त्री लिहायचं की पुरुष, यातच वीस मिनिटं गेली. दुसऱ्या ठिकाणी माझ्याच वयाच्या डॉक्टरने चादर उचलली, बघितलं, चादर खाली टाकली. म्हणाला, ‘हे आमच्याकडे होत नाही. जिथे केलं तिथे न्या.’ जिथे केलं ते तीनशे किलोमीटरवर होतं. त्याने पोटाला हातही लावला नाही. सरकारी दवाखान्यात रात्रपाळीच्या एका वयस्क सिस्टरनी मात्र आधी पोटावर तळवा ठेवला. ‘अगं बाई, किती तुंबलंय हे,’ म्हणाल्या आणि डॉक्टरांना उठवून आणलं. पिशवीत सव्वा लिटर आलं. हात धुता धुता त्यांनी मैत्रिणीला विचारलं, ‘आणि वारा सरतोय ना गं?’

त्या दुसऱ्या डॉक्टरच्या बाजूने बोलणारे मला भेटलेत. त्याला प्रशिक्षण नव्हतं, चूक झाली असती तर? मुद्दा अगदीच पोकळ नाही. नवं तोंड सुजलेलं असतं, जागा बदललेली असते, नळी जबरदस्तीने घातली तर इजा होते. मग सर्जनला फोन करायचा. नळी खालून जातच नसेल तर ओटीपोटातून घालायची, हे सर्जरी शिकलेल्या माणसाला माहीत असतं. पण पोटावर हात ठेवणं, बोटाने ठोकून बघणं, सोनोग्राफीला पाठवणं, शेवटची लघवी कधी झाली हे विचारणं, यातल्या कशाला वेगळं प्रशिक्षण लागतं? ते एमबीबीएसला शिकवतात. इंग्रजीत याला ‘ट्रान्स ब्रोकन आर्म सिंड्रोम’ असं नाव पडलंय: पेशंटचा हात मोडलेला असतो आणि डॉक्टर हार्मोन्सबद्दल विचारत बसतो. आपल्याकडे तर विचारतही नाहीत, दार दाखवतात.

हे दार दाखवणं बेकायदा आहे. २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याचं कलम ३ आरोग्यसेवा नाकारायला मनाई करतं. त्याच्या कितीतरी आधी, १९८९मध्ये, परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवायची मदत त्याने द्यायलाच हवी. पण रात्री अकराला स्ट्रेचरशेजारी उभं राहून कलम वाचून दाखवणारा नातेवाईक मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता पॅकेजवाल्यांकडे येऊ, कारण माझा खरा राग त्यांच्यावर आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रिलीजनंतर रात्री कोण जागं राहणार, हे रिलीजच्या आधी ठरतं. शॉपिंग ॲपचं पैसे भरायचं बटण बंद पडलं तर पहाटे तीनला कुणाचा तरी फोन वाजतो, आणि तो त्याला उचलावाच लागतो. लाखो रुपये घेऊन माणसाच्या शरीराची रचना बदलणाऱ्यांकडे रात्रीचा एक चालू नंबर नसावा? डब्ल्यूपॅथ या आंतरराष्ट्रीय संघटनेची आठवी मार्गदर्शक तत्त्वं २०२२मध्ये आली. त्यात शस्त्रक्रियेच्या प्रकरणाच्या नावातच ‘नंतरची काळजी’ आहे. भिंतीवर त्याच संघटनेचं नाव फ्रेम करून लावणारे डिस्चार्ज कार्डावर ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ एवढंच लिहितात.

सरकारचंही तसंच. ऑगस्ट २०२२मध्ये आयुष्मान भारतखाली ट्रान्स व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाखांच्या विम्याचा करार झाला. चांगलं झालं. पण विमा ऑपरेशनचं बिल भरेल. रात्री तालुक्यात पोटावर हात ठेवणारं माणूस तो कुठून आणणार?

आणि आपण. म्हणजे ट्रान्स मित्रमैत्रिणी आणि आमच्यासारखे त्यांचे मित्र. आपणही याबद्दल बोलत नाही. कारण बोललं की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘मग करायचंच कशाला?’ हा प्रश्न सिझेरियनवालीला कुणी विचारत नाही. तिच्याही आतड्यांचं काम बंद पडू शकतं, तिचंही पोट फुगू शकतं. या टोमण्याच्या भीतीने आपल्या ग्रुपांमध्ये फक्त यशाच्या पोस्ट फिरतात आणि ज्याचं पोट फुगलंय तो रात्रभर समजतो की हे फक्त माझंच झालंय. अनन्या कुमारी अलेक्स, केरळची ट्रान्स रेडिओ जॉकी, २०२०मधल्या ऑपरेशननंतरच्या त्रासाबद्दल जाहीरपणे बोलली. जुलै २०२१मध्ये ती कोचीत मृतावस्थेत सापडली. हॉस्पिटलने हलगर्जीपणाचा आरोप फेटाळला. ती बोलत होती तेव्हा ऐकणारे किती होते आणि गेल्यावर किती झाले, हे आठवून बघा.

हिजडा समाजात निर्वाणानंतर चाळीस दिवसांची प्रथा आहे, बाळंतिणीसारखी. दाईच्या हातचं ते ऑपरेशन भयंकर होतं, त्यात माणसं गेली आहेत. त्याचं गुणगान मला करायचं नाही. पण त्या चाळीस दिवसांत कुणीतरी शेजारी बसलेलं असायचं, खाण्यापिण्याकडे बघणारं. आपण निर्जंतुक थिएटर आणलं, भूलतज्ज्ञ आणला, मॉनिटर आणले, आणि तेवढं एक माणूस बिलातून वगळलं.

मी मागतोय ते फार नाही. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात, मराठीत: कुठलं ऑपरेशन केलं, आतडं वापरलं का, मूत्रमार्गाचं तोंड आता कुठे आहे, कुठल्या नंबरचा कॅथेटर होता, कधी काढला. सहा तास लघवी झाली नाही तर, पोट चढत गेलं तर, ताप किंवा उलट्या आल्या तर लगेच दवाखान्यात जा. आणि खाली रात्री उचलला जाणारा फोन नंबर. मैत्रिणीच्या कार्डाचं मागचं पान कोरं होतं. त्यावर आम्ही बसस्टँडच्या रिक्षावाल्याचा नंबर लिहिला होता. तो उचलायचा.